वनभोजन आणि पानाची डावी बाजू

कार्तिक सुरू झाला की आमच्या गोव्यात दोन गोष्टींची चर्चा हमखास कानावर येते. यंदा थंडी कधी पडणार ही एक, आणि सहल कुठे काढायची ही दुसरी. दिवाळी नुकतीच आटोपलेली असते, तुळशीचे लग्न जवळ आलेले असते, पाऊस निघून गेल्याची खात्री पटलेली असते. देवळांतून आवळीभोजनाचे, वनभोजनाचे बेत ठरतात. कचेऱ्यांतून वर्गणीचे कागद फिरू लागतात. पुढे नाताळ, नवे वर्ष, 26 जानेवारी अशी सुट्ट्यांची रांगच लागते. केसरवाळची झर असो, पोंबुर्फ्याची असो, नाहीतर एखाद्या मित्राचे कुळागर असो; तीन दगडांची चूल मांडायची आणि उघड्यावर रांधून जेवायचे, ही हौस आम्हा गोंयकारांत अजून शिल्लक आहे. ती तशीच राहो.

पण या सहलींचे बेत ठरवणाऱ्या बैठका ऐकल्या की मला एक गोष्ट खटकते. चर्चा होते ती फक्त मुख्य पदार्थाची. चिकन किती किलो, बिर्याणी की शाकुती, शिवराकांसाठी पनीर घ्यायचे की मशरूम, शेगडी कोण आणणार, कोळसा कुठून मिळणार. अर्धा तास यावर जातो आणि मग कोणीतरी म्हणतो, "बाकीचे बघू मागीर." हे 'बाकीचे' म्हणजे कोशिंबीर, चटणी, लोणचे, पापड, कढी. ते 'मागीर' कोणी बघत नाही. आयत्या वेळी काकडीच्या चार चकत्या, कांद्याच्या रिंगा आणि टोमॅटो सॉसची बाटली पुढे येते, आणि तोंडी लावण्याचा प्रश्न सुटला असे सगळे मानून घेतात.

आजचा हा लेख त्या 'बाकीच्या'ची बाजू मांडण्यासाठी आहे. माझे म्हणणे एवढेच की सुट्टीच्या दिवशी उघड्यावर जे जेवण होते त्यात मुख्य पदार्थाला आपण देतो तितके महत्त्व नाही. त्या जेवणाची खरी ओळख पानाच्या डाव्या बाजूला असते. आणि ती बाजू केटररवर सोडून दिली की सहलीतून नेमके काहीतरी निघून जाते.

आधी आपल्या पानाकडेच पाहू. जुन्या पद्धतीने पान वाढताना पहिल्यांदा मीठ पडते, मग डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचे. उजवीकडे भाजी, आमटी. भात त्यानंतर येतो. म्हणजे डावी बाजू वाढून झाल्याशिवाय पान तयार झाले असे कोणी म्हणत नसे. 'डावे-उजवे करणे' हा वाक्प्रचार भेदभावाचा असला तरी पानावरच्या डाव्याला आपल्या आज्या-पणज्यांनी कधी कमी लेखले नाही. लग्नाच्या पंगतीत कोशिंबीर वाढायची राहिली तर पोक्त माणसे तोंडात घास घेण्याआधी ते बोलून दाखवीत.

आपली भाषाही याला साक्ष आहे. झुणका-भाकर, पिठले-भाकरी, वरण-भात, भरीत-रोडगा, आणि आमच्या गोव्याचा सकाळचा भाजी-पाव. पोट भाकरीने, भाताने, पावाने भरते. पण नाव घेताना आधी येतो तो बरोबरचा पदार्थ. कारण भाकरी सगळीकडे भाकरीच असते. आज काय जेवलो याचे उत्तर भाकरीत नसते, तिच्या सोबत्यात असते. आमच्या शेतकऱ्याची पेज घ्या. पेज म्हणजे उकड्या तांदळाचा भात आणि त्याचे पाणी. तिला स्वतःची अशी चव थोडीच. सकाळचे दहा-अकरा वाजले की शेताच्या मेरेवर बसून जो ती पेज जेवत असे, त्याला विचारा. तो तुम्हाला पेजेबद्दल सांगणार नाही. तो चेपणीच्या तोराबद्दल सांगेल, भाजलेल्या सुक्या बांगड्याच्या तुकड्याबद्दल सांगेल, मिसकुटाच्या फोडीबद्दल सांगेल. उघड्यावर जेवण्याची कला आमच्या लोकांना सहलीच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती आणि ती सगळी तोंडी लावण्यावर उभी होती.

हे सगळे माझ्या मनात पक्के झाले ते मात्र गोव्यात नव्हे, खूप दूर, तेलंगणातल्या बेल्लमपल्ली नावाच्या गावी. त्या गावाची थोडी ओळख करून दिली पाहिजे, कारण आपल्यातल्या बहुतेकांनी त्याचे नाव ऐकलेले नसेल.

काझीपेठहून बल्लारशाकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर मंचेरियाल सोडले की पुढे बेल्लमपल्ली लागते. पूर्वी हे आदिलाबाद जिल्ह्यात होते. 2016 साली जिल्ह्यांची फेररचना झाली तेव्हापासून मंचेरियाल जिल्ह्यात आहे. गाव कोळशाचे. सिंगरेणी कॉलियरीज ही कंपनी 1920 साली स्थापन झाली, तेव्हा हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आदिलाबाद जिल्ह्यात त्या काळी मराठी बोलणारे पुष्कळ. 1956 साली भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा किनवट, राजुरा हे भाग इकडे मुंबई राज्यात आले आणि बाकीचा जिल्हा आंध्रात गेला. रेषा नकाशावर ओढली गेली, पण माणसे होती तिथेच राहिली. आजही आसिफाबाद, आदिलाबादच्या बाजूला घरात मराठी आणि बाजारात तेलुगू बोलणारी कुटुंबे आहेत.

अशाच एका आसिफाबादकडच्या कुटुंबात माझी आतेबहीण दिलेली आहे. तिचे यजमान नोकरीनिमित्त बेल्लमपल्लीत असतात. काही वर्षांपूर्वी कार्तिकात आम्ही तिच्याकडे गेलो होतो. वास्कोहून सिकंदराबाद आणि तिथून पुढे, असा लांबचा प्रवास. आम्ही पोचलो आणि दुसऱ्याच दिवशी रविवार. "उद्या वनभोजनालु आहे," बहीण म्हणाली. हा शब्द ऐकून मला एकदम घरी आल्यासारखे वाटले. तेलुगू लोकांतही कार्तिकात आवळ्याच्या झाडाखाली जेवण्याची प्रथा आहे, आपल्या आवळीभोजनासारखीच. झाड तेच, महिना तोच.

गावाबाहेर आंब्याची एक बाग होती आणि तिच्या कडेला आवळ्याचे एक झाड. पाच-सहा घरची माणसे जमली होती. बेल्लमपल्ली एकेकाळी भुयारी खाणींचे गाव. त्यांतल्या बऱ्याचशा आता बंद झाल्या आहेत. त्यामुळे पूर्वी एकाच वसाहतीत शेजारी राहिलेली माणसे आता कोणी मंदामर्रीला, कोणी मंचेरियालला, कोणी आणखी लांब, अशी पांगलेली. वर्षातून एकदा या झाडाखाली भेटतात. एक घर अस्सल तेलुगू, एक माझ्या बहिणीचे मराठी, एक हैदराबादकडचे उर्दू बोलणारे मुसलमान, आणि एक ठेकेदाराकडे कामाला आलेले बिहारी कुटुंब.

कार्तिक म्हणून मांसाहार नव्हता. मुख्य जेवण अगदी साधे होते. मोठ्या पातेल्यात बगारा भात आणि दुसऱ्यात पप्पू, म्हणजे डाळ. ते पुरुषांनी दगडांच्या चुलीवर केले. एका अर्थी ते सगळ्यांचे होते आणि कोणाचेच नव्हते. पण पळसाच्या पत्रावळी मांडल्या आणि मग प्रत्येक घराने आपापला डबा उघडला. तिथे खरे वनभोजन सुरू झाले.

तेलुगू घरातून पच्ची पुलुसु आले होते. पच्ची म्हणजे कच्चे. चिंचेचे पाणी, त्यात बारीक चिरलेला कांदा, चुरलेली भाजकी मिरची, कोथिंबीर, थोडा गूळ, वरून फोडणी. उकळी नाही की शिजवणे नाही. पहिला घोट घेतला आणि मला आमच्या फुटी कढीची आठवण झाली. आमच्याकडे नारळाचा रस न घालता नुसत्या सोलांच्या आगळाची, लसूण-मिरची ठेचून जी कढी करतात तिची ही सख्खी मावसबहीण. तिकडे कोकम नाही म्हणून चिंच, एवढाच फरक. त्याच घरच्या दुसऱ्या डब्यात ताकात मुरवून उन्हात वाळवलेल्या मिरच्या तळून आणल्या होत्या. आमच्या सांडग्या मिरच्या म्हणून त्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सहज खपल्या असत्या.

बहिणीच्या सासूबाईंनी जवसाची चटणी केली होती आणि अंबाडीचा ठेचा. या अंबाडीपाशी गोंयकाराने जरा थांबले पाहिजे. आमचे आंबाडे म्हणजे झाडाला लागणारे आंबट फळ, ज्याचे आपण सासव करतो. विदर्भ-मराठवाड्यात अंबाडी म्हणजे आंबट पानांची भाजी. तेलुगूत तिला गोंगूर म्हणतात, आणि तेलंगणात पुंटीकूर. नाव जवळपास एक, वस्तू निराळी. पण पानावरचे काम दोघांचेही एकच. तिखटाच्या आणि तेलाच्या जेवणात आंबटाची खुंटी ठोकणे.

सर्वांत गंमत बिहारी घराच्या डब्याने आणली. त्यांनी सातूचे पीठ भरून गोवऱ्यांवर भाजलेल्या लिट्ट्या आणल्या होत्या आणि सोबत वांगे-टोमॅटो भाजून केलेला चोखा. बहिणीचे यजमान ते पाहून म्हणाले, "हे तर आमचे रोडगेच की!" खरेच होते ते. विदर्भात गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे रोडगे आणि त्यांच्याबरोबर वांगे. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य. त्याच नियमामुळे सासूबाईंनी मात्र चोखा खाल्ला नाही. चंपाषष्ठी यायची होती आणि तोवर त्यांना वांगे चालत नव्हते. बिहारी बाईंना हे कळल्यावर त्यांनी त्यांच्यापुरती लिट्टी जवसाच्या चटणीबरोबर वाढली आणि मग स्वतःही तशीच खाऊन पाहिली. मुसलमान शेजाऱ्यांनी मिरचीचे सालन आणले होते, शेंगदाणे, तीळ आणि सुके खोबरे वाटून केलेले. ते तर पहिल्यांदा संपले.

भात आणि डाळ यांच्यावरून तिथे कोणाशी कोणाचे बोलणे झाले नाही. पण "हे काय घातले आहे?", "याला तुमच्यात काय म्हणतात?", "आमच्याकडे यात तीळ टाकतात" हे संवाद दोन तास चालले होते, चार भाषांत. नोकरीत हजेरीपट सांभाळण्याचे काम मी अनेक वर्षे केले आहे. त्या दिवशीच्या पत्रावळीची डावी बाजू मला तसाच एक हजेरीपट वाटली. कोण कोण आले आहे, कुठून आले आहे, कोणाचा काय नेम आहे, सगळे तिथे मांडलेले. उद्या त्यातले एखादे घर बदली होऊन गेले तर पातेल्यातला भात तेवढाच राहील. पत्रावळीवर मात्र एक जागा रिकामी दिसेल.

तेलंगणात याच्याही पुढची एक गोष्ट आहे. तिथला बतुकम्माचा सण भाद्रपद अमावास्येपासून नऊ दिवस चालतो. तरवडाची, कुर्डूची, झेंडूची फुले रचून बायका देवी मांडतात, तिच्याभोवती फेर धरतात आणि शेवटच्या दिवशी, म्हणजे दुर्गाष्टमीला, तिला तळ्यात सोडतात. 2014 साली तेलंगण राज्य झाल्यापासून हा राज्याचा अधिकृत सण आहे. या शेवटच्या दिवसाला 'सद्दुल बतुकम्मा' म्हणतात. सद्दी म्हणजे बांधून नेलेले गार अन्न, आपली शिदोरी. चिंचेचा भात, लिंबाचा भात, दह्याचा भात, तिळाचा भात, खोबऱ्याचा भात आणि भाकरी-गुळाचा मलिदा असे डबे घेऊन बायका तळ्यावर जातात, आणि विसर्जन झाल्यावर ते एकमेकींना वाटून तिथेच खातात. लक्षात घ्या, या जेवणात मुख्य पदार्थ असा नाहीच. जे आहे ते सगळे थोडे थोडे आणि सगळे मिळून. आणि ते केले त्यांनीच बसून खाल्ले.

या शेवटच्या वाक्यापाशी माझा दुसरा मुद्दा येतो, आणि खरे तर तोच अधिक महत्त्वाचा आहे.

आपल्याकडच्या सहलींत चुलीपाशी कोण उभे असते? बाप्ये. कंबरेला टॉवेल गुंडाळून, धुराने डोळे चोळत, मोठा डाव हातात घेऊन. त्यांचे फोटो निघतात, "मटण काय झाले आहे!" म्हणून त्यांच्या पाठीवर थाप पडते. ते कौतुक त्यांना मिळू नये असे मी म्हणत नाही. धुरात उभे राहणे सोपे नाही. पण ज्या घरातून डाव्या बाजूचे डबे आले त्या घरात पहाटे चारला कोण उठले होते? खोबरे कोणी खोवले, सोलां कोणी भिजत घातली, पापड कोणी भाजून डब्यात घट्ट भरले? सुट्टी सगळ्यांची होती, मग या बाईची का नव्हती? आणि तिने आणलेल्या पदार्थाला आपण काय म्हणतो, तर 'बाकीचे'. आपण त्या पदार्थांना दुय्यम समजतो आणि म्हणून ते करणाऱ्या हातांनाही दुय्यम समजतो, की हे उलट्या क्रमाने घडते, याचा प्रत्येकाने आपापल्या घरात विचार करावा.

यावर हल्ली एक सोपा उपाय निघाला आहे. सगळेच केटररला द्या, म्हणजे बायकांनाही सुट्टी. वरवर पाहता ही बाब न्यायाची वाटते. आणि ज्या घरात दुसरा इलाज नाही तिथे मी या उपायाला नावे ठेवणार नाही. दमलेल्या बाईला परंपरेचा उपदेश करण्याइतका कठोर उद्योग दुसरा नाही. पण केटरर देतो काय? मडगावात, फोंड्यात, पणजीत, कुठेही जा, तीच बिर्याणी, तोच पनीर टिक्का, तीच मेयोनीजमध्ये बुडवलेली कोबी. एका कचेरीची सहल मला आठवते. दिवस नेमका सोमवार होता. आमच्याकडे सोमवारी शिवराक जेवणारे किती असतात हे मी सांगायला नको. मुख्य पदार्थ दोन, दोन्ही मांसाहारी, आणि 'बाकीचे' म्हणजे काकडी. दहा-बारा माणसे पांढरा भात आणि लोणच्याचे पाकीट घेऊन झाडाखाली बसली होती. आमच्या समाजात काही जण नुस्ते खातात, काही खात नाहीत, काही वारांप्रमाणे खातात, काही कांदा-लसूण वर्ज्य करतात, काही उपास करतात. मुख्य पदार्थ या सगळ्यांना एका पंगतीत बसवू शकत नाही. ते काम डावी बाजूच करते, जर ती भरलेली असेल तर.

म्हणून उपाय पदार्थ काढून टाकण्याचा नसून काम वाटून घेण्याचा आहे. एका घराने एकच पदार्थ आणायचा, आणि तो कोणी केला हे विचारायचे. बाप्यांनीही करायचा. फुटी कढी करायला कुठली विद्या लागते? सोलां भिजवून कोळायची, लसूण-मिरची ठेचायची, मीठ आणि कोथिंबीर घालायची. ज्याला शाकुतीच्या मसाल्यावर अर्धा तास बोलता येते त्याला एवढे जमायला हरकत नाही.

आता थोडे व्यवहाराचे. नुसते मत मांडून चालत नाही, कार्तिकाच्या उन्हात डबा टिकलाही पाहिजे. या बाबतीत आम्हा गोंयकारांची एक अडचण आहे आणि तिचे नाव नारळ. आमची चटणी, आमची कोशिंबीर, आमची सोलकढी, सगळे ओल्या खोबऱ्यावर. सकाळी सहाला वाटलेली खोबऱ्याची चटणी दुपारी एकपर्यंत आंबते, आणि चूल पेटायला उशीर झाला तर दीड-दोन ठरलेलेच. दख्खनच्या पठारावर नारळ नाही, म्हणून तिथल्या बायकांनी तीळ, शेंगदाणे, जवस, कारळे यांच्या कोरड्या चटण्या केल्या, ज्या आठवडा आठवडा टिकतात. चिंचेचा भात तर सकाळी केलेला संध्याकाळी अधिक चांगला लागतो. चिंचेचा आंबटपणा आणि फोडणीचे तेल त्याला सांभाळून घेतात. हे त्यांच्याकडून घेण्यासारखे आहे. बेल्लमपल्लीहून परतताना आम्ही किलोभर जवस आणले, आणि आता आमच्या सहलीच्या डब्यात ती चटणी ठरलेली असते.

नारळ सोडावा असे मात्र मी म्हणणार नाही. तसे म्हटले तर मला घरात घेणार नाहीत. थोडी काळजी घ्यावी. सोलकढी करायची तर आगळ वेगळे न्यावे, नारळ अख्खा न्यावा आणि रस तिथेच काढावा. त्या कामाला मुलेही हौसेने बसतात. नाहीतर सरळ फुटी कढी करावी. सुक्या सुंगटांचे किसमूर न्यायचे तर भाजलेली सुंगटे डब्यात कोरडी, खोबरे-कांदा दुसऱ्या डब्यात, आणि पान वाढताना दोन्ही एकत्र करावे. तरच त्याचा कुरकुरीतपणा राहतो. कोशिंबिरीला मीठ शेवटी लावावे, आधी लावले तर तिला पाणी सुटते आणि पानावर ओघळ येतो. कांदा घरून चिरून नेऊ नये, त्याला उग्र वास येतो. दही न्यायचे तर ताजे विरजलेले, मडक्यात.

किती पदार्थ असावेत? माझ्या मते चार-पाच पुरेत, पण प्रत्येकाचे काम वेगळे हवे. एक आंबट, म्हणजे कढी, पच्ची पुलुसु किंवा आंबाड्याचे सासव. एक कुरकुरीत, म्हणजे पापड, सांडगे किंवा तळलेल्या मिरच्या. एक तिखट व कोरडी चटणी. एक थंड, म्हणजे दह्यातली कोशिंबीर. आणि एक असा की ज्याच्यावर शिवराक माणसाचेही पोट भरेल. त्यासाठी आमच्या खतखत्यासारखा पदार्थ नाही. त्यात कांदा नाही, लसूण नाही, वेगवेगळे कंद आणि भाज्या आहेत आणि वर तिरफळाचा वास. कोणाचाही कुठलाही नेम त्याने मोडत नाही. चूल पेटायला उशीर झालाच, आणि तो होतोच, तर निखाऱ्यात कणगां भाजायला टाकावीत. भुकेली मुले गप्प बसतात.

हे केवळ आपलेच वेड आहे असेही समजू नये. अमेरिकेत 4 जुलैला, त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, घरोघर अंगणात मांस भाजतात. पण त्यांच्याही तिथे बटाट्याचे सॅलड, कोबीचे कोलस्लॉ, मक्याची कणसे, घेवड्याच्या दाण्यांची उसळ असते, आणि कोणाच्या घरचे बटाट्याचे सॅलड चांगले यावर त्यांच्यात आपल्या लोणच्यांसारखेच वाद होतात. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींच्या अंगणात त्या कोलस्लॉशेजारी काकडीची खमंग कोशिंबीर असते. भाजलेले मांस सगळ्यांकडे सारखेच दिसते. कोशिंबिरीचे भांडे पाहिले की हे घर कोणाचे ते कळते. आपल्याकडच्या हुरडा पार्टीचेही तेच. कोवळी ज्वारी भाजली की हुरडा झाला, त्यात करामत ती काय? पण लसणाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, बोरे नसतील तर तो हुरडा कोरडाच.

गोव्यात आज कोणाच्या स्वयंपाकघरात काय शिजते यावरून बोलायला लोकांना हल्ली फार आवडते. खरे गोवेकर जेवण कोणते, कोणाचे अस्सल, कोणाचे परके, असे वाद वर्तमानपत्रांतून आणि कट्ट्यांवरून ऐकू येतात. आमच्याच गावात मिसकूट हिंदूंच्या घरात आहे तसे ख्रिस्ती शेजाऱ्यांच्याही बरणीत आहे, आणि चेपणीचे तोर तर दोघांच्या माळ्यावर एकाच उन्हाळ्यात भरले जातात. मुख्य पदार्थांवरून आपण वेगळे आहोत हे दिसते, आणि तसे ते दिसायलाही हरकत नाही. डाव्या बाजूला आलो की किती जवळ आहोत ते दिसते. म्हणून मला वाटते, ज्या सहलीला वेगवेगळ्या घरची, वेगवेगळ्या रीतीची माणसे येणार आहेत तिथे ही बाजू मुद्दाम भरभरून मांडावी.

यंदा तुमच्या वाड्यावर, कचेरीत किंवा क्लबात सहलीची बैठक होईल तेव्हा एवढेच करा. चिकन किती किलो हा प्रश्न दुसरा घ्या. पहिला प्रश्न हा घ्या की कोणाच्या घरातून काय येणार. एक कागद फिरवा आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याचा पदार्थ लिहून घ्या, आणि बाप्यांच्या नावापुढचा रकाना कोरा सोडू नका. जेवून झाल्यावर चुलीवरच्या बुवाच्या पाठीवर थाप मारालच, त्याआधी कढी कोणी केली ते विचारा. आमच्यापुरते ठरले आहे. येत्या वनभोजनाला जवसाची चटणी मी करणार आहे आणि खतखते शेजारचे करणार आहेत. आवळ्याचे झाड मात्र अजून शोधायचे आहे, कुळागरातले जुने झाड गेल्या पावसात पडले.